लहान मुलांचे वाचन आणि हिशेब: घरी काय करता येईल?



गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून मी बाहेर पडत होते. आपल्याच गावातल्या एका आईने मला दाराशी थांबवले. सोबत तिचा मुलगा होता, नुकताच चौथीत गेलेला. ती म्हणाली, "टीचर, ह्याचं वाचन एकदा बघाल का? घरी धडा धडाधड वाचतो. पण शाळेतून निरोप येतो की ह्याला वाचता येत नाही. मला काही कळेनासं झालंय."

संध्याकाळी दोघे घरी आली. मुलाने तिसरीच्या पुस्तकातला एक धडा काढला आणि खरोखरच न अडखळता म्हणून दाखवला. मी चित्रावर हात ठेवला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हा शब्द कोणता?" तो गप्प झाला. मग ओठातल्या ओठात धडा पहिल्यापासून म्हणू लागला, त्या शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी! मी तेच चार-पाच शब्द उलटसुलट क्रमाने पाटीवर लिहिले. त्यातला त्याला एकच वाचता आला.

आईच्या लक्षात सगळे आले. ती मुलावर रागावली नाही, हे तिचे मोठेपण. एवढेच म्हणाली, "मग तीन वर्षं आम्ही काय ऐकत होतो?"

पालकहो, तो मुलगा लबाड नव्हता आणि मठ्ठ तर मुळीच नव्हता. त्याचे पाठांतर इतके चांगले होते की त्याला वाचता येत नाही हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. तीस-बत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले, आणि असे एखादे मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असायचे. म्हणून हा लेख. ज्यांची मुले बालवाडीपासून चौथीपर्यंत आहेत त्यांनी वाचावा, आणि आजी-आजोबांनाही वाचून दाखवावा. का, ते पुढे कळेल.

आधी मूल कुठे आहे ते पाहा

'प्रथम' ही आपल्या मुंबईत सुरू झालेली संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना चार गोष्टी वाचायला देतात: सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले साधारण २७ टक्के निघाली. म्हणजे शंभरातली त्र्याहत्तर मुले मागे. तेव्हा आपले मूल त्यांत असेल तर ते काही आपल्याच घरावर कोसळलेले संकट नव्हे, पण म्हणून स्वस्थ बसावे असेही नाही.

ही तपासणी घरी करायला पाच मिनिटे पुरतात. मात्र शाळेचे पुस्तक घेऊ नका, ते पाठ असते. वर्तमानपत्राचे मोठे मथळे घ्या, शेजारच्या मुलाचे गोष्टीचे पुस्तक घ्या, नाहीतर स्वतःच्या हाताने पाच-सहा वाक्ये लिहा. अक्षरे येतात पण शब्द जुळत नाहीत, की शब्द जुळतात पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. आणि कृपा करून ही तपासणी पाहुण्यांसमोर करू नका. मावशी आली की "वाच बघू" ही आपल्याकडची फार जुनी खोड. त्या दिवशी मूल जे गप्प बसते, ते पुढे सहा महिने पुस्तक उघडत नाही.

अक्षरे, काना आणि वेलांटी

आपली लिपी तशी सरळ आहे. जसे लिहिले तसे वाचायचे, इंग्रजीसारखी लपाछपी नाही. तरी काही जागा अवघड आहेत आणि मोठ्या माणसांना त्या दिसत नाहीत. पहिली वेलांटी घ्या. 'कि' म्हणताना आधी क उच्चारतो, पण लिहिताना वेलांटी आधी दिसते. डावीकडून वाचत आलेले मूल तिथे थबकते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व ही भावंडे तर मोठ्यांनाही घाईत फसवतात. 'ख' फाटके छापले असेल तर मूल त्याला 'रव' वाचते. आणि 'र'ची तर किती रूपे: प्रकाश, सूर्य, ट्रक! एकच अक्षर कधी पायाशी, कधी डोक्यावर. जोडाक्षरांत अडकणाऱ्या मुलाला "साधा 'सूर्य' येत नाही?" असे म्हणण्यापूर्वी एवढे आठवा.

अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरे क्रमाने घोकून घेणे आणि मग बाराखडी, हा जुना मार्ग. माझेही शिक्षण तसेच झाले. पण अनेक मुलांना ते गाणे वाटते. गाणे येते, अक्षर येत नाही. त्यापेक्षा चार-पाच अक्षरे घ्या आणि लगेच शब्द करू लागा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून चिठ्ठ्या करा. एकीवर क, एकीवर म, एकीवर न, एकीवर ल, आणि एका चिठ्ठीवर नुसता काना. क, काना, म अशा मांडल्या की 'काम' झाले. म, क, काना अशा मांडल्या की 'मका'. 'कान'मधल्या क आणि न यांनी जागा बदलल्या की 'नाक'. मुलाला जादू वाटते. आणि ती आहेच. आठवड्याला दोन-तीन नवी अक्षरे घाला, मग वेलांटी, मग उकार. घाई नको.

आता आपल्या घरच्या बोलीबद्दल. आपल्याकडे घरात कोणी कादोडी बोलतो, कोणी वाडवळी, कोणी कोळी बोली, आणि पुस्तकातली मराठी वेगळी असते. काही पालक मला विचारतात, "आम्ही घरी बोली बंद करू का?" मुळीच नको. मूल गोष्ट समजून घेते ती घरच्या भाषेत. आजीने बोलीत गोष्ट सांगावी, मुलाने ती बोलीतच परत सांगावी. गोष्टीला सुरुवात असते, मध्य असतो, पुढे काय होईल याची उत्सुकता असते, हे त्याला तिथे कळते. तेच पुढे पुस्तक वाचताना उपयोगी पडते. वाचताना अर्थ बरोबर लागला आणि उच्चार थोडा घरचा आला, तर मध्येच तोडू नका.

इंग्रजी माध्यमात मुले घातलेल्यांचे रडगाणे निराळे: "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय घेणार?" त्यांना माझे सांगणे असे की मराठी घ्या. २०२० च्या कायद्याने आपल्या राज्यात सर्व शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, म्हणजे त्या मुलाच्या दप्तरातही मराठीचे पुस्तक असतेच. अक्षर म्हणजे आवाजाची खूण, ही गोष्ट एका भाषेत पक्की बसली की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही.

रोज पंधरा मिनिटे, शेजारी बसून

समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसले की परीक्षा होते. पुस्तक दोघांच्या मध्ये, बोट शब्दाखाली. पहिली ओळ तुम्ही वाचा, तीच ओळ मग मुलाने वाचावी, मग दोघांनी मिळून. मूल एखाद्या शब्दाला अडले तर मनातल्या मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात पुष्कळदा त्याचे त्यालाच सुटते. नाही सुटले तर शब्द सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या. तोच शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. एका पानावर पाचाहून अधिक शब्द अडले तर पुस्तक अजून जड आहे, दुसरे घ्या. तेच तेच पुस्तक पुन्हा मागितले तर द्या. मात्र त्या पाठांतर करणाऱ्या मुलाची गोष्ट लक्षात ठेवून मधलाच एखादा शब्द विचारत जा.

पान संपले की "धडा कशावर होता?" असे मास्तरी प्रश्न नकोत. "आता पुढे काय होईल रे?" एवढे विचारा.

पुस्तके कुठून आणायची? घरात कागद नाही असे घर आता राहिलेले नाही. दुधाची पिशवी, तांदळाची गोण, बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, दुकानांची नावे. चर्चगेटला जाताना लोकलमध्ये मुलाला खिडकीशी बसवा: नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली. गाडी थांबते तेवढ्या वेळात पाटी वाचून झाली पाहिजे, हा खेळ माझ्या नातवंडांना अतोनात आवडतो. नाक्यानाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फलक लागतात, त्यांचा मला एवढाच एक उपयोग सापडला आहे. त्यांत जोडाक्षरे भरपूर असतात. मिस्सेला गायनाच्या पुस्तकातले पान मुलालाच काढायला सांगा. २१८ वे गाणे शोधताना २०० च्या पुढे जायचे की मागे, हे त्याला ठरवावे लागते. तिथे वाचनही आले आणि गणितही.

मोबाइल असेल तर 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टींची चित्रांची पुस्तके फुकट मिळतात, सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या लावलेली. 'बालभारती'ची पुस्तकेही तिच्या संकेतस्थळावर आहेत, तेव्हा मागच्या इयत्तेचे पुस्तक रद्दीत गेले म्हणून अडायला नको. मोबाइल मात्र तुमच्या हातात असू द्या. मुलाच्या हातात गेला की गोष्ट संपायच्या आत दुसरेच काहीतरी सुरू होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पंचवीस की बावन्न?

आता गणिताकडे वळू. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त मार मुलांनी इथेच खाल्ला आहे.

मुलाला "पंचवीस लिही" म्हटले की ते ५२ लिहिते. आपण ओरडतो. पण कान देऊन ऐका: पंच-वीस. आधी पाच ऐकू येतो, मग वीस. मूल ऐकले तसे लिहिते! आपल्या मराठीत बहुतेक आकडे असे उलटे बोलले जातात आणि सरळ लिहिले जातात. त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे किती मुलांना कोणी सांगितलेले असते? एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो, आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो. 'दोन' तर दर वेळी वेष बदलतो: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. शंभर आकड्यांना जवळजवळ शंभर नावे पाठ करायची. इंग्रजीत वीस ओलांडले की आकडा बोलतात तसाच लिहितात; अडचण आहे ती तेरा ते एकोणीसच्या दरम्यान.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत थट्टा झाली, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ साली त्या वारल्या. जुनी नावे काढून टाकली असा पुष्कळांचा समज झाला होता, पण पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या. मला स्वतःला ती पायरी म्हणून चांगली वाटते. बाजारात 'सदुसष्ट' म्हणावेच लागणार, पण सदुसष्टपर्यंत जाण्यासाठी मधे एक दगड ठेवला तर मुलाचा पाय घसरत नाही.

घरी असे करा. खराट्याच्या शंभर काड्या सारख्या लांबीच्या तोडा. दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावा. ६७ मांडायचे तर सहा जुड्या आणि सात सुट्या काड्या. मुलाने तिन्ही नावे म्हणायची: "सहा दशक सात सुटे, साठ सात, सदुसष्ट." मग आकडा लिहायचा. २९ मांडा आणि म्हणा, "अजून एक काडी आली की जुडी होते, म्हणून एकोणतीस." रोज पाच आकडे पुरे. महिन्याभरात ५२ आणि २५ मधला गोंधळ बहुतेक मिटतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

शंभराच्या पुढे गेलेल्या मुलांची एक ठराविक चूक असते. 'तीनशे पाच' म्हटले की ३००५ लिहितात. तीनशे ऐकले, ३०० लिहिले. पाच ऐकले, ५ लिहिला. पुन्हा तेच, ऐकले तसे लिहिले. एका लांब चिठ्ठीवर ३०० लिहा आणि एका छोट्या चिठ्ठीवर ५. छोटी चिठ्ठी शेवटच्या शून्यावर ठेवा. ३०५ दिसेल. मुलाला ती चिठ्ठी उचलून खाली दडलेले शून्य दाखवा, आणि पुन्हा ठेवायला सांगा.

नोटा मोडा, हातचा कळेल

वजाबाकीत ४२ मधून १७ वजा करायला सांगितले की अनेक मुले उत्तर ३५ काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले; मोठ्यातून लहान घालवायचे एवढेच डोक्यात बसलेले. आपण म्हणतो, "शेजारून एक घे." का घ्यायचा, आणि घेतलेला एक दहा कसा होतो, हे त्याला कोणी दाखवत नाही.

चार दहाच्या नोटा आणि दोन एकाची नाणी त्याच्या हातात द्या. तुम्ही दुकानदार व्हा आणि १७ रुपये मागा. तो एक नोट देईल, मग सात सुटे शोधेल, आणि म्हणेल, "नाहीत सुटे." हाच तो क्षण. "मग नोट मोड ना!" एका नोटेची दहा नाणी द्या. आता त्याच्याकडे तीन नोटा आणि बारा नाणी. सतरा दिले, दोन नोटा आणि पाच नाणी उरली. पंचवीस. हे चार-पाच वेळा झाल्यावर मगच पाटीवर तीच वजाबाकी मांडा.

हल्ली मुलांना पैसे दिसतच नाहीत, हे आपल्या लक्षात येते का? पूर्वी मूल दुकानात जायचे, वीस रुपये द्यायचे, उरलेले मोजून आणायचे. आता भाजीवालीपाशीही आपण मोबाइल पुढे करतो आणि टुंग वाजते. सोय झाली खरी, पण मुलाच्या हातून गणिताची एक वही गेली. आठवड्यातून एकदा तरी त्याला सुट्टे पैसे देऊन पाव आणायला पाठवा.

बाकी हिशेब तर घरात पडलेलेच आहेत. केळीच्या एका फणीत १६ केळी, दुसरीत १४, मिळून किती? डझनाने दिली तर किती डझन? (अडीच.) अंड्यांच्या ट्रेमध्ये आडवी सहा, उभी पाच, मोजायची नाहीत, पाढ्याने सांगायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरात ५ तारखेला रविवार असेल तर पुढचे रविवार कोणते? ताटे मांडताना पाहुणे चार, आपण पाच, ताटे किती? सापशिडीत मूल २३ वर असताना पाच पडले तर पुष्कळ मुले २३ लाच "एक" म्हणतात आणि एक घर मागे राहतात. ओरडू नका, सोंगटी उचलून पुढच्या घरात टेकवताना "एक" म्हणायला शिकवा. संख्यारेषेवरही तीच चूक होते.

तोंडी गणिते घालताना एक काळजी घ्या. 'जास्त' म्हटले की मूल बेरीज करते. "रीटाकडे आठ फुले आहेत. ती मेरीपेक्षा तीनने जास्त आहेत. मेरीकडे किती?" निम्मी मुले अकरा म्हणतील. तिथे गणित चुकत नाही, वाचन चुकते. फुले मांडायला लावा, पाच आपोआप दिसतील. म्हणून मी वाचन आणि गणित एकाच लेखात घेतले.

फळ्या-खडूशिवाय शिकवण्याची ही रीत काही मी शोधलेली नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी परदेशी साधने परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी बिया, पाने, शंखशिंपले, खडे घेऊन मुलांना मोजायला आणि जुळवायला शिकवले. आज आपण दुकानातून रंगीत मणी आणतो. चिंचोके तेच काम करतात.

पाढ्यांविषयी, आणि माझ्या चुकीविषयी

पाढे पाठ हवेत की नकोत यावर वाद आहे. माझे मत, हवेत. पण पाठ करण्यापूर्वी सहा त्रिक म्हणजे तीन-तीनाचे सहा ढीग हे मुलाने एकदा मांडून पाहिलेले असावे. आणि पाठांतर भीतीने करून घेऊ नये.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगत नाही. माझी मुलगी तिसरीत असताना मी रोज संध्याकाळी तिला पाढे विचारायची, हातात फूटपट्टी घेऊन. दुसऱ्यांच्या मुलांशी मी वर्गात किती शांतपणे बोलायची! पण स्वतःचे मूल चुकले की शिक्षिकेची अब्रू जाते असे वाटायचे. एके दिवशी "सात आठे" ला ती अडली आणि मी पट्टी उगारली. मारली नाही, उगारलीच फक्त. ती आज चांगल्या नोकरीवर आहे, दिवसभर आकड्यांतच काम करते. पण सात आठे कोणी विचारले की अजून तिचा हात क्षणभर मागे जातो. तिने हे मला हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही.

म्हणून मूल रडायला लागले, किंवा तुमचा आवाज चढला, की पुस्तक मिटा. पंधरा मिनिटे झाली नसली तरी मिटा. उद्या आहेच. थकून घरी आलेल्या वडिलांनी रात्री नऊ वाजता गणित घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी गोष्ट वाचून दाखवावी.

आणखी एक. काही मुले मन लावून, प्रेमाने शिकवूनही मागेच राहतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारी किती मुले 'ढ' ठरली असतील याची गणती नाही. तेही ठीक असेल, आणि मूल बोलण्यात हुशार असूनही अक्षरे गोंधळत असेल, उलटी लिहीत असेल, दुसरी-तिसरीतही शब्द जुळत नसेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. 'तारे जमीन पर' हा २००७ सालचा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आजार नव्हे आणि आळसही नव्हे. २०१६ च्या कायद्यात तिची नोंद आहे, मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलती मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून चार-पाच वर्षे घालवू नका. पहिलीच्या मुलाने एखादे अक्षर उलटे काढले म्हणून घाबरूही नका. त्या वयात ३ आणि ६ बहुतेक सगळेच उलटसुलट काढतात.

पहिलीपासून शिकवणी लावावी का, असेही विचारतात. पंधरा मुलांच्या शिकवणीत तुमच्या मुलाच्या वाट्याला जेवढी मिनिटे येतात, त्यापेक्षा जास्त तुम्ही स्वयंपाक करता करता देऊ शकता.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगते. त्याची आई पहाटेच्या गाडीने दादरला फुले घेऊन जाते आणि दुपारी परतते. वडील रिक्षा चालवतात. संध्याकाळी घरी असते ती आजी. मी आजींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "बाई, मी कधी शाळेत गेले नाही. मला अक्षर कळत नाही. मी काय शिकवणार?"

मी म्हटले, "आजी, पावटे साठ रुपये किलो असले तर पाऊण किलोचे किती?" आयुष्यभर त्यांनी बाजारात भाजी विकली होती. "पंचेचाळीस," त्या पटकन म्हणाल्या. "अर्ध्याचे तीस, त्याचे अर्धे पंधरा." तेव्हा नातवाच्या तोंडी हिशेबाचे काम त्यांच्याकडे गेले. आणि वाचनाचे एक. त्याने वाचायला घेतले की मध्येच थांबवून म्हणायचे, "हा शब्द कुठं लिहिलाय? बोट ठेव." बस्स, एवढेच. अक्षर न येणाऱ्या माणसाला पाठांतराने फसवता येते, पण त्याने बोट ठेवायला सांगितले की फसवता येत नाही.

आईने रविवारी दुपारी चिठ्ठ्या मांडल्या. पहिला महिना फार कठीण गेला. चौथीतला मुलगा 'मका' आणि 'काम' जुळवतोय हे धाकट्या बहिणीने पाहिले, तेव्हा त्याने चिठ्ठ्या फेकून दिल्या. मग आईने बहिणीला 'विद्यार्थिनी' केले आणि त्याला शिकवायला बसवले. तिथून गाडी रुळावर आली. दिवाळीपर्यंत साधे शब्द आले. जोडाक्षरांत तो अजून अडखळतो, गणितातली लांबलचक उदाहरणे दोनदा वाचावी लागतात.

नाताळच्या आधी मी त्यांच्या घरी गेले होते. आजींना रक्तदाबाच्या नव्या गोळ्या लागल्या होत्या आणि औषधवाल्याने पाकिटावर मराठीत लिहून दिले होते. मुलाने पाकीट हातात घेतले. "स-का-ळी ए-क. रात्री एक. जे-व-णा... जेवणानंतर."

आजींनी चष्मा पदराने पुसला, पाकीट जवळ ओढले आणि म्हणाल्या, "जेवणानंतर कुठं लिहिलंय? बोट ठेव."

त्याने बोट ठेवले.